गुलाबी बरणी भरली तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी टाकी आहे, आणि आधीच सांगून ठेवते, मी रागावलेली आहे. म्हातारपणी राग निवतो म्हणतात. माझा निवला नाही.

मला कोणी टब म्हटले की माझे आणखीच डोके फिरते. टबात माणसे अंघोळ करतात. माझ्या पोटात आम्ल असते. बाहेरून मी पोलादाची आणि आतून शिशाची, कारण आम्ल पोलाद खाऊन टाकते, पण शिशापुढे त्याची मात्रा चालत नाही. ते अस्तर दोन कारागिरांनी लाकडी हातोड्यांनी ठोकून बसवले. त्यांतला एक सारखी शीळ घालत असे. माझ्या तळाशी एका कोपऱ्यात थोडी सुरकुती राहून गेली आहे, ती त्या शिळेपायीच.

माझे काम म्हणजे अॅनोडायझिंग. शब्द अवघड आहे, काम सोपे आहे. अॅल्युमिनियमची वस्तू माझ्यात बुडवायची आणि तिच्यातून वीज सोडायची. मग तिच्या अंगावर कडक साल धरते. त्या सालीला डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. वस्तू रंगात बुडवली की रंग त्या छिद्रांत शिरतो. शेवटी उकळत्या पाण्यात छिद्रे मिटतात आणि रंग कायमचा आत कोंडला जातो. तो नखाने निघत नाही, घामाने उतरत नाही. रंग मी देत नाही हे ध्यानात ठेवा. मी फक्त साल देते. पण सालीवाचून रंग टिकत नाही, म्हणून थोडी जबाबदारी माझीही असते, असे मी मानते.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या आमच्या गावात सरबताच्या पेल्यांचा कारखाना होता. माझी उमेदीची वर्षे तिथे गेली. लाल, निळे, सोनेरी, गुलाबी पेले! चर्चच्या जेवणावळीत, अंगणातल्या वाढदिवसात, नदीकाठच्या सहलीत सगळीकडे आमचेच पेले असत. बर्फाचे सरबत ओतले की त्यांना बाहेरून घाम फुटे, आणि मुले पेला गालाला लावून खिदळत. मालक पाहुण्यांना घेऊन माझ्यापाशी येई आणि माझ्या काठावर थाप मारून म्हणे, "ही आमची थोरली!" मला ते फार आवडायचे. लपवून काय करू?

पुढे प्लास्टिकचे पेले आले. वापरा आणि फेका. कारखाना बंद पडला. ज्या हातांनी माझ्यावर थाप मारली, त्याच हातांनी माझ्यावर खडूने लिलावाचा आकडा लिहिला. एका शब्दानेही कोणी विचारले नाही, की बाई, तुझे आता काय होणार?

लिलावाच्या दिवशी एका शेतकऱ्याने मला वाकून पाहिले. "झकास आहे. वासरांना पाणी पाजायला होईल."

गर्दीतून एक बाई तरातरा पुढे आली. "अरे, आतून शिसं आहे ते! वासरं मारायचीत का तुला?"

"एवढी माया असेल तर तूच घे की घरी!"

"घेते!" ती म्हणाली, आणि भंगाराच्या भावाने तिने मला खरोखर घेतले.

ती व्हर्ना होराक. ऐन तारुण्यात ती कारखान्यात आली होती आणि केस पांढरे होईपर्यंत तिने माझ्यात पेले बुडवले होते. कारखाना गेल्यावर ती शाळेच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होती. तिचा धाकटा भाऊ एमिल याचे गावात बंदुकांचे दुकान होते. आमच्याकडे हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो त्या दिवशी शाळेला सुट्टी असते. तेव्हा बंदुकांचे दुकान म्हणजे आमच्या गावात किराणा दुकानासारखेच. त्या दुकानामागच्या शेडमध्ये व्हर्नाने मला उतरवले.

"ही घागर कुठून आणलीस?" एमिलने विचारले.

"घागर तुझं डोकं. टाकी आहे ती. मला सांग, तुझ्या गिऱ्हाइकांच्या बंदुकांचे अॅल्युमिनियमचे भाग खरचटतात, त्यांचा रंग उडतो. ते कुठं पाठवतात?"

"दुसऱ्या राज्यात. आणि परत येईपर्यंत मिशा पिकतात त्यांच्या."

"इथंच करून दिलं तर?"

एमिलने पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेली उकडलेली करंजी, तोंडात टाकली आणि तो विचार करू लागला. "विचारलं तर सगळे हो म्हणतील. हो म्हणायला कुणाचं काय जातं? रोज निम्मं गाव माझ्या दुकानात येतं, 'उद्या घेतो' म्हणतं नि निघून जातं. तोंडी नको. लोकांना काहीतरी करायला लाव."

मग दोघांनी मिळून युक्ती काढली. व्हर्नाने माझ्यात अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बुडवल्या आणि वेगवेगळ्या रंगांत रंगवल्या. काळी, शेवाळी, तपकिरी, राखाडी. पेल्यांच्या काळातला थोडा गुलाबी रंग तिच्या तळघरात उरला होता, म्हणून एक पट्टी गुलाबीही केली. दुकानाच्या काउंटरवर प्रत्येक पट्टीपुढे लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवली. 'ज्या रंगाचं काम करून हवं, त्या बरणीत एक रिकामं काडतूस टाका.' आमच्याकडे माणसांच्या खिशात रिकामी काडतुसे चिल्लरीसारखी खुळखुळत असतात. शेडमध्ये बसून मला दिवसभर त्यांचा टणटण आवाज ऐकू येई. इतक्या वर्षांनी कोणाला तरी मी हवी आहे, या विचाराने मी सुखावले होते.

मोसम उघडण्याच्या आधल्या आठवड्यात एमिल बरण्या घेऊन शेडमध्ये आला. काळ्याची बरणी अर्धी होती. शेवाळीत तळाला थोडी काडतुसे होती. गुलाबी काठोकाठ भरून वर टेंगूळ आले होते.

"बघ बाई, बघ! गुलाबीनं बाजी मारली!"

व्हर्ना चकित झाली. "कशाला हवंय लोकांना? मासेमारीच्या चकरीला?"

"पिस्तुलांना! कुणाला बायकोसाठी, कुणाला पोरीसाठी. काहींना नुसतीच गंमत."

"पिस्तुलाची कसली गंमत?"

"मागणी आहे म्हटल्यावर कशाला उलटतपासणी करतेस?"

पहिली कामे मात्र काळ्याचीच आली. एका म्हाताऱ्या शिकाऱ्याने आपल्या बंदुकीच्या दुर्बिणीची कडी आणून दिली. ती घासून घासून आरशासारखी चकाकत होती. काम झाल्यावर त्याने ती उन्हात धरून फिरवली आणि खूश होऊन म्हणाला, "आता हरणाला माझा पत्ता लागणार नाही." त्याने माझ्या काठावर हात ठेवला. फार वर्षांनी मला कोणी शाबासकी दिली होती.

आणि मग लोवेल आला. तिशीतला, हसरा, दुकानाचे जुने गिऱ्हाईक. परवाना एमिलच्या नावावर असल्याने पिस्तुलांची सगळी देवघेव शेडमध्येच, त्याच्या समोर होई. लोवेलने पिस्तुलाचा अॅल्युमिनियमचा सांगाडा व्हर्नाच्या हातात दिला. त्याच्या बोटाला धरून त्याची चार वर्षांची लेक हेझल आली होती.

"गुलाबी करायचंय. बायकोचा वाढदिवस आहे. पर्समध्ये ठेवायला शोभून दिसेल."

व्हर्नाने गुलाबी पट्टी पुढे केली. "हा रंग?"

हेझलने झडप घालून पट्टी घेतली. तिच्या दुसऱ्या हातात पाण्याची पिचकारी होती, प्लास्टिकचे गुलाबी पिस्तूल. तिने पट्टी त्यावर ठेवली आणि ती आनंदाने ओरडली, "बाबा, माझ्यासारखंच! सेम टू सेम!"

खरोखर तसेच होते. 

"पर्स कुठं असते?" व्हर्नाने विचारले.

"कुठं म्हणजे? सोफ्यावर, गाडीत. पर्स कुठं असते बाईमाणसाची?"

"मी हे करणार नाही."

लोवेल हसला. त्याला वाटले, थट्टा आहे. "अहो, बरणी तुम्हीच ठेवलीत ना? मी स्वतः काडतूस टाकलंय त्यात."

"ठेवली. आणि आता सांगते, नाही करणार. काळं करून देते, शेवाळी करून देते. खेळण्यासारखं नाही करून देणार."

"बंदूक माझी, घर माझं, पोर माझी. तुम्ही कोण मला शिकवणार?"

"टाकी माझी," व्हर्ना म्हणाली.

मित्रांनो, माझ्या पोटात आम्ल होते म्हणून, नाहीतर मी टाळ्या वाजवल्या असत्या.

लोवेल सांगाडा उचलून दाणदाण पाय आपटत गेला. मग एमिल बहिणीवर उखडला. "गिऱ्हाइकाच्या मनात असेल ते द्यायचं, ह्याला धंदा म्हणतात! तू नाही केलंस तर तो दुसरीकडून करून आणेल. पोर तीच, पर्स तीच. फरक काय पडला?"

"माझ्या हातून नाही झालं, हा फरक पडला."

"मोठी संत! मग भर आता त्या बरणीत फुलं!"

चार दिवसांत गावभर झाले. रायफल क्लबात लोक म्हणू लागले, होराकांची म्हातारी गिऱ्हाइकाला परीक्षेला बसवते. काडतुसे टाकणारे सगळे गायब झाले. बरणी भरताना ज्यांनी रांग लावली, ते काळ्या रंगाचे कामही घेऊन येईनात. आता मला सांगा, राग येणार नाही? हीच का ती मागणी? एक रिकामे काडतूस टाकायचे, वर हसायचे, आणि मनासारखे झाले नाही की पाठ फिरवायची! व्हर्नाने ठरवले, शनिवारी मला रिकामे करायचे आणि शाळेतली भांडीच घासत राहायचे. बहीणभावाचे बोलणे बंद झाले होते.

शनिवारी ती आम्ल काढायच्या तयारीत होती, तेवढ्यात लोवेल आला. मुद्दामच आला असावा. जादा पैसे मोजून त्याने पिस्तूल दुसऱ्या राज्यातून झटपट गुलाबी करून आणले होते. "एमिल, ह्याचा घोडा जरा अडकतोय. बघून दे." असे म्हणून त्याने ते व्हर्नाला दिसेल असे फळीवर ठेवले. हेझल सोबत होतीच.

एमिलने पिस्तूल हातात घेतले, गोळ्यांचे मॅगझिन बाहेर काढले, नळीत गोळी नाही ना ते पाहिले. रिकामे होते. त्याने घोडा नीट केला, पिस्तूल खाली ठेवले आणि तेल शोधायला पाठ वळवली. लोवेल फोनमध्ये होता. व्हर्ना माझ्यावर वाकली होती.

मी एकटीच फळीकडे पाहत होते. आणि मला तोंड नाही.

हेझलने दोन्ही हातांनी पिस्तूल उचलले. एमिल वळला, तेव्हा नळी बरोबर त्याच्या पोटाकडे होती.

"एमिल आजोबा, भिजवू का तुम्हाला?"

खट्.

एवढाच आवाज झाला. हेझल खट्टू झाली. "पाणी संपलं," ती म्हणाली.

लोवेल धावला. "रिकामं आहे! रिकामं आहे ते!" तो हसू पाहत होता, पण हसू ओठांवर टिकत नव्हते. व्हर्नाने पोरीच्या हातातून पिस्तूल अलगद काढून घेतले आणि तिला जवळ घेतले. एमिल माझ्या काठाला धरून उभा होता. 

"रिकामं आहे हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "मीच पाहिलं होतं. तरी मी मेलो, लोवेल. एक क्षण मी मेलो."

"तू ते उघड्यावर ठेवलंस," लोवेल पुटपुटला.

"ठेवलं. जन्मभर बंदुका हाताळल्या, आणि ठेवलं. तुझी बायको सोफ्यावर ठेवणार नाही?"

 लेकीला काखोटीला मारून, पिस्तूल खिशात घालून लोवेल निघून गेला. एमिल दुकानात गेला, गुलाबी बरणी घेऊन आला आणि त्याने ती भंगाराच्या डब्यात उपडी केली. खूप वेळ काडतुसे पडत राहिली. मग तो बहिणीला म्हणाला, "टाकी राहू दे भरलेली."

"गिऱ्हाइकं?"

"असतील तेवढी."

तेवढी म्हणजे फार थोडी. व्हर्नाला अजून सकाळी शाळेत भांडी घासावी लागतात. पण आठवडाभराने एक बाई मागच्या दाराने आली. लोवेलची बायको, नोरीन. तिने पर्समधून रुमालात गुंडाळलेले पिस्तूल काढले. गोळ्या तिने घरीच काढून ठेवल्या होत्या.

"हेझलनं मला सगळं सांगितलं. तिला वाटतं, गंमत झाली," नोरीन म्हणाली. "हे काळं करून द्या."

"नवरा काय म्हणेल?"

"वाढदिवस माझा होता ना? मग रंगही माझा."

व्हर्ना हसली नाही. "काळं करून देते. पण काळं केलं म्हणजे झालं, असं समजू नकोस. काळं पिस्तूलही पोर उचलतंच. कुलपाची पेटी आण. ती दाखवलीस की मगच हे परत देईन."

नोरीनच्या कपाळाला आठी पडली. ती मान ताठ करून गेली. मला वाटले, गेली ही आता. दुसऱ्या दिवशी ती पेटी घेऊन आली आणि तिने ती धाडकन फळीवर आपटली. "घ्या! किल्ली माझ्या गळ्यात राहील, ठीक?"

तो गुलाबी रंग सालीसकट उतरवला गेला आणि मग माझ्या पोटात त्या पिस्तुलाला नवी साल आली. कोणतेही काम मी इतक्या मनापासून केले नसेल.

पण माझा राग गेलेला नाही. ती बरणी काठोकाठ भरली होती, मित्रांनो. तिच्यात ज्यांनी ज्यांनी काडतूस टाकले, त्यांना दुसरीकडे रंग मिळाला असेल. ती पिस्तुले कोणत्या सोफ्यांवर पडली आहेत, मला माहीत नाही. परत आले ते एकच.

तुम्ही मोठे व्हाल, दुकाने काढाल, कारखाने काढाल. लोकांना काय हवे ते जरूर विचारा, बरण्या मांडा. पण किती जणांना हवे एवढेच विचारून थांबू नका. व्हर्ना आता काम घेण्याआधी ज्याला त्याला विचारते, "तुझ्या घरात सगळ्यात लहान कोण आहे?" काही जण रागावून निघून जातात. जाऊ देत. तुम्हीही विचारत जा.