बेगडाची दांडी

दीनाचा प्रश्न गाडीत पाचव्या प्रवाशासारखा बसून होता, आणि त्याच्याशी कुणीच बोलत नव्हते.

"सोमवारी दवाखान्यात मी सायकलवरूनच जायचं ना?" राहुरी सोडताना तिने विचारले होते. शेजारी बसलेला आमोस, तिचा सकाळपासूनचा नवरा, तेव्हापासून खिडकीबाहेर पाहत होता. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. दुष्काळाने करपलेली राने, आणि आटलेल्या विहिरी, आभाळाकडे उघड्याच राहून गेलेल्या डोळ्यांसारख्या. पुढच्या सीटवर सासरे, शलमोन मास्तर, ॲम्बेसेडरच्या टपाकडे कान लावून होते.

टपावरच्या कॅरिअरवर दीनाची सायकल आडवी बांधलेली होती. दीना नर्स. नोकरी सोनईजवळच्या दवाखान्यात बदलून घ्यायची, सायकल बरोबर न्यायची, असे साखरपुड्यातच ठरले होते. तिकडे एसटी फिरकत नसे. पण मास्तरांनी गावात सांगून टाकले होते, की व्याह्यांनी जावयाला सायकल दिली. आणि जावयाला दिलेली सायकल बिनदांडीची, बायकी कशी असेल? म्हणून निघताना त्यांनी सीटपासून हँडलपर्यंत एक बांबू बांधून घेतला. 'मजबुतीसाठी.' वर बेगड गुंडाळले. शोभेसाठी.

"श्रीमंत, खड्डा सांभाळ. वर धूड आहे."

"मास्तर, मोटेच्या नाड्यानं आवळलीय," ड्रायव्हर म्हणाला. "हिरीला पानी न्हाई, नाडा रिकामाच हुता. गाडी उलटंल, पर सायकल हलायची न्हाई."

"देवाची कृपा."

दीनाला वाटले, आपणही टपावर जाऊन बसावे. दर खड्ड्याला निदान विचारपूस तरी होईल.

सोनई दिसू लागली तशी मास्तरांनी गाडी थांबवली. "आता सायकल उभी करा."

"आडवीच बरी हाय. लई जड हाय, तोल जाईल," श्रीमंत म्हणाला.

"अरे, रुखवत काय गाठोड्यात बांधून दाखवतात? लोकांना दिसली पाहिजे."

"मामंजी, मग हँडलही बांधा," दीना म्हणाली. "नाहीतर चाक वळेल."

तिचे एवढे एक मात्र ऐकले गेले. सायकल टपावर ताठ उभी राहिली; हँडलला झेंडूची माळ, बेगडाची दांडी उन्हात लखलखत. गाडी पावला-पावलाने निघाली.

वेशीवर पोरांनी कमान उभारली होती. तिची उंची आमोसने स्वतः मोजून दिली होती, पण नुसत्या गाडीची. गाडी अर्धी आत शिरली आणि वरून करकर आवाज आला. हँडल 'सुस्वागतम'मध्ये अडकले होते. ताशा थांबला.

"कमान उचला!" मास्तर ओरडले.

"खांब पक्के गाडल्यात, मास्तर. तुमीच सांगितलं हुतं."

"मग सायकल उतरवा की," गर्दीतून लंकाबाई म्हणाली. "नवरदेवाला बसवा वर. येऊ द्या मिरवत!"

हशा पिकला. सायकल उतरली. गावाच्या आग्रहाने आमोसने हँडल धरले. पण त्या वजनाची त्याला सवय नव्हती. सायकल कलली, ती सावरायला त्याने दांडीला हात घातला, आणि दांडी हातात आली.

"आगं बया," लंकाबाई म्हणाली, "ही तर बायकांची सायकल!"

मास्तर खाली मान घालून रुमालाने चष्मा पुसू लागले. चष्मा स्वच्छच होता.

दीना गाडीतून उतरली. बांबूची उरलेली गाठ तिने सोडली आणि बेगडासकट तो बांबू, एखादी मौल्यवान वस्तू परत करावी तसा, मास्तरांच्या हाती दिला. मग तिने आमोसच्या हातातून हँडल घेतले.

"दीना," तो हलक्या आवाजात म्हणाला, "गाडीत बस. सोमवारचं घरी बोलू. लोक बघतायत."

राहुरीपासून त्या प्रश्नाला मिळालेला हा पहिला शब्द होता, आणि त्यात उत्तर नव्हते.

तिने पांढऱ्या शालूचा पदर कमरेला खोचला.

"सूनबाई," बांबू छातीशी धरून मास्तर म्हणाले, "अगं, पोरं नेतील सायकल. तू निघालीस कुठं?"

सायकल हाताने ढकलत, तुटक्या 'सुस्वागतम'खालून दीना गावाकडे चालू लागली.