माझ्या पाठीवरच्या काकड्या

मी नळी बोलतेय. गॅसची. तुमच्या शेगडीची ती नारिंगी नव्हे. जरा वाकलात तर माझ्या पोटातून चालत जाल, एवढी मोठी. उरल डोंगराच्या पायथ्याशी, पिख्तोव्का गावामागे, जंगल तोडून केलेल्या पट्ट्यात दोन हात मातीखाली पडून आहे. पडून आहे खरी, पण जिवाला चैन नाही. सारखं वाटतं, आता गॅस येईल, आता येईल.

माझं माहेर जर्मनीचं. 'तुम्ही नळ्या द्या, आम्ही त्यांतूनच गॅस धाडू,' असं दोन्हीकडच्या थोरांनी ठरवलं आणि चाळीस वर्षांपूर्वी आम्हा हजारो बहिणींची पाठवणी झाली. समुद्रापलीकडच्या एका बड्या देशाला हे स्थळ पसंत नव्हतं. त्याने तेव्हाही यंत्रांवर बंदी घालून पाहिली, पण लग्न लागलंच. बंदी हा शब्द माझ्या ओळखीचा आहे तो तेव्हापासून.

इथे मला बहिणीशी जोडलं अर्काडी नावाच्या वेल्डरने. सांधा पुरा झाला तसा त्याने शेजारी आपला नंबर ठोकला आणि मला थोपटून म्हणाला, "बाई गं, गळू नकोस. माझी अब्रू तुझ्या हाती आहे." नाही गळले. एकदाही नाही.

मग वर्षानुवर्षं मी सासरचा गॅस माहेरी पोचवत राहिले. तिकडच्या किती घरांत त्यावर सूप उकळलं असेल! पिख्तोव्का मात्र अजून बर्चची लाकडं फोडून चुली पेटवतं. दिव्याखाली अंधार, दुसरं काय? गावाला माझ्याकडून मिळाली ती फक्त ऊब. शेजारच्या ठाण्यातली यंत्रं गॅस दाबून पुढे ढकलतात आणि दाबला की तो तापतो. त्यामुळे सगळं रान बर्फाने पांढरं झालं तरी माझ्या पाठीवर काळीभोर माती.

ती ऊब हेरली क्लावाने, म्हणजे अर्काडीच्या बायकोने. अर्काडी गेला आणि तिने नेमक्या त्याच्या सांध्यावर काकड्या लावायला सुरुवात केली. बी सासूकडून आलेलं, घरचं. तिथे खणायला मनाई. पाटी रंगवणारा आणि लोकांना हाकलणारा माणूस म्हणजे वेन्या, तिचाच धाकटा दीर. रोज पायी फिरून माझ्यावर नजर ठेवणं ही त्याची नोकरी.

"वहिनी, पाटी वाचता येते ना?"

"येते की. खणू नये, असं लिहिलंय. मी कुठे खणतेय? बोटाने भोक पाडतेय."

"आणि ही टोपली कसली?"

"तुझ्यासाठी आणली होती. नको असेल तर नेते परत."

टोपली परत गेलेली मला तरी आठवत नाही.

आमच्याकडे मे महिन्यात रानचेरीला पांढरा तुरा आला की चार-पाच दिवस थंडी उलटून येते. ती सरेपर्यंत शहाणा माणूस रोप बाहेर काढत नाही. क्लावा तेवढी आधीच लावायची. बायका चिडवायच्या, तर म्हणायची, "थंडी वरून येऊ दे. माझा अर्काडी खालून शेक देतोय."

मग युद्ध सुरू झालं आणि पुन्हा बंदी आली. ठाण्यातलं यंत्र बिघडलं की सुटा भाग माझ्या माहेरून यायचा, तो येईना. तेलाच्या बोटी म्हणे नावं बदलून लांबच्या वाटेने नवी गिऱ्हाइकं शोधत फिरतात. बोटीचं बरं आहे, तिला तोंड फिरवता येतं. मला जन्माचं एकाच दिशेला पुरलंय.

माझी वाट नेमकी लढाईच्या मुलखातून. एका दुपारी पुढची झडप बंद झाली आणि माझ्या पोटातला श्वास जागच्या जागी थांबला. ठाण्याच्या साहेबांनी वेन्याला बोलावून बजावलं, "तात्पुरतं आहे. गावात ब्र काढायचा नाही."

तो आला तेव्हा क्लावा रोपं लावत होती. रानचेरी फुलू लागली होती. सांग रे, मी आतून ओरडत होते. सांग तिला!

"यंदा जरा थांबता का, वहिनी?"

"का रे?"

"नाही... आपलं सहज."

"सहज म्हणे! जन्मात एक काकडी पिकवली नाहीस आणि मला शिकवतोस?"

वेन्या फेरीवर पुढे निघून गेला. क्लावाने टोपलीतलं शेवटचं रोपही लावलं.

पाचव्या पहाटे दहिवर गोठलं. मी सारा जोर लावला, पण पोटात वाहतं काही नसेल तर ऊब आणायची कुठून? सकाळी पानं उकडलेल्या पालकासारखी लोळत होती. क्लावाने मातीवर तळवा टेकला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग चिखलाच्या हातांनीच ती गावात गेली. दुपारपर्यंत दुकानात सगळ्यांना ठाऊक झालं, की नळी गार पडलीय.

साहेब वेन्यावर धावून गेले. "कोण बोललं?"

"काकड्या, साहेब."

वेन्याला हे आधीच ठाऊक होतं, हे क्लावाने ओळखलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं. हिवाळ्यात माझ्या पाठीवरही इतरांसारखाच बर्फ साचला. आता ऐकते, मला उकरून काढणार, पूर्वेकडे नव्या वाटेवर नेणार. कुणी म्हणतं, कापून विकणार. नक्की काहीच कळत नाही, आणि हे न कळणंच मला खातंय.

यंदा क्लावाच्या काडेपेटीत उरलंसुरलं अकरा दाणे बी होतं. रानचेरीची थंडी सरेपर्यंत ती आयुष्यात पहिल्यांदा थांबली आणि पुन्हा त्याच सांध्यावर लावून गेली. ऑगस्ट संपताना चार काकड्या धरल्या, बोटाएवढ्या. वेन्या फेरीवर आला तशी तिने एक तोडून त्याच्यापुढे धरली.

"कडू आहे, वहिनी."

"मुकाट्याने खा. मुकाट राहणं जमतं ना तुला?"

त्याने देठापर्यंत संपवली. मग म्हणाला, "त्या दिवशी सांगायला हवं होतं मी."

"हो," क्लावा म्हणाली. "हवं होतं."

उरलेल्या तीन तिने बियांसाठी वेलावरच पिकायला ठेवल्या आहेत.

थोरामोठ्यांनो, तुमच्या लढाईतलं मला काही कळत नाही. मला उकरा, कापा, कुठे न्यायचं तिथे न्या. फक्त आधी क्लावाला सांगा. तिने रोपं लावायच्या आधी सांगा.