ठकी देऊन टाकते

त्या शनिवारी ठकी चित्रकलेच्या वर्गातून नुसत्या मोज्यांवर घरी आली आणि तिच्या वडिलांनी घर डोक्यावर घेतलं.

"बूट कुठायत?"

"दिले."

"दिले म्हणजे? हरवले?"

"नाही बाबा, दिले. एका मुलीने मागितले."

आधी रंगांची पेटी गेली होती, मग स्वेटर. तेव्हा आईने पोरीच्या वेंधळेपणावर खापर फोडून विषय मिटवला होता. आज तशी सुटका नव्हती. नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. बिघाड दिसला की झाकण उघडल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

"नऊ वर्षांची घोडी झाली ही! शाळेत घाल म्हणून घसा कोरडा केला मी. चार पोरांत भांडली असती, शहाणी झाली असती."

"शाळेत काय चालतं ते मला नको सांगूस," आई म्हणाली.

ती स्वतः शिक्षिका होती. भेदरलेल्या पोरांवर दिवसभर ओरडून ओरडून तिला स्वतःचाच वीट आला होता. ठकी झाल्यावर तिने नोकरीवर पाणी सोडलं आणि पोरीला घरीच शिकवायला घेतलं. शिकवलंही झकास. जेवणाच्या टेबलावर एका टोकाला भाजी चिरली जायची, दुसऱ्या टोकाला अपूर्णांक सुटायचे. आणि स्वभाव असा, की नातेवाईक तोंडात बोटं घालत. हट्ट नाही, उलट उत्तर नाही. "वहिनी, पोर घडवावी तर तुम्ही," असं नणंद म्हणाली तेव्हा आईला मूठभर मांस चढलं होतं.

पुढच्या शनिवारी आई वर्गाच्या दाराआड जाऊन उभी राहिली. बाई ब्रश धुवायला गेल्या आणि दोन वेण्यांची एक मुलगी ठकीपुढे येऊन थांबली.

"तुझी क्लिप देतेस?"

ठकीने लगेच केसांतली क्लिप काढून दिली आणि त्या मुलीच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. बाकीची पोरं खिदळली. आई ताडताड आत गेली.

"बूटही तूच घेतलेस ना?"

मुलगी चांगलीच टरकली. "गंमत केली हो काकू. खरंच देईल असं वाटलं नव्हतं. आम्ही काहीही मागितलं तरी देते ती. सगळं पिशवीत आहे, घेऊन जा ना."

ती इतकी रडकुंडीला आली होती, की तिच्यावर धड चिडण्याचीही सोय उरली नाही.

घरी आल्यावर आईने ठकीला टेबलाशी समोर बसवलं. "तुला द्यायचे होते बूट?"

"नाही."

"मग तसं सांगायचं ना!"

"ती रुसली असती."

"रुसू दे की. रुसली तर काय बिघडतं?"

आईला साधी बेरीज येऊ नये याचं नवल वाटावं, तसं ठकीने तिच्याकडे पाहिलं. "तू रुसलीस की बोलत नाहीस. मग घरात दुसरं कोणीच नसतं."

आईने पोरीवर कधी हात उगारला नव्हता, आवाजही चढवला नव्हता. ठकीने गणित नको म्हटलं, मावशीकडे राहायला जाऊ का विचारलं, की ती फक्त गप्प होई आणि खिडकीबाहेर बघत बसे. थोड्या वेळाने पोर आपणहून वही घेऊन येई. याला ती समजूतदारपणा म्हणत आली होती. चारचौघांत मिरवतही आली होती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"शाळेत जायचंय तुला?" आवाज साधा ठेवताना तिला कष्ट पडले.

ठकी आईचं कपाळ, डोळे, ओठ निरखत होती. उत्तर तिथेच कुठेतरी सापडणार होतं. ते आईच्या ध्यानात आलं तशी ती उठली आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली.

"आता सांग. तुला काय हवंय, तेवढंच सांग."

मागून पावलं वाजली. टेबलाला वळसा घालून ठकी आली आणि आई आणि भिंतीच्या मधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून शिरली.

"रुसलीस का गं?" तिने आईचं तोंड निरखत विचारलं. "नाही जायचं मला शाळेत. खरंच नाही जायचं."