शेवटचा हात

माझी सून लोकांची घरं सजवून देते. लोक तिला बोलावतात, ती खोलीच्या मधोमध उभी राहून मान तिरकी करते आणि म्हणते, “या घराला पर्सनॅलिटी नाही.” आणि लोकांना ते पटतं! माझ्या घरात येऊन कुणी असं म्हणालं असतं, तर मी त्याला चहासुद्धा विचारला नसता.

एके दिवशी तिनं माझ्याच घराकडे मान तिरकी करून बघितलं. ‘पर्सनॅलिटी’ हा शब्द तेवढा टाळला. म्हणाली, “आई, घराला जरा नवे रंग देऊ या. तुमच्या आवडीचे. आणि भिंतींना काहीतरी करू या, हात फिरवला की बरं वाटेल असं.”

“माझ्या हाताला काय धाड भरलीय?”

ती हसली. मुलगा हसला नाही. तो चहाच्या कपात बघत मूग गिळून बसला होता. लहानपणी घरात काही फोडलं की तो असाच बसायचा. कुठेतरी पाणी मुरतंय हे मी तेव्हाच ओळखलं.

रंगातलं मला कुणी शिकवू नये. बाजारात माझं रंगाचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मी ते एकटीनं चालवलं, आणि चालवलं म्हणजे नुसते डबे विकले नाहीत. लोक पडद्याची चिंधी आणतात, जुन्या भिंतीचा पोपडा आणतात, आणि मी थेंब थेंब रंग मिसळून नेमकी तीच छटा करून देते. आता त्यासाठी यंत्रं निघालीत. यंत्र एका उजेडात बघतं. मी सकाळी बघते, दुपारी बघते, दिवा लावून बघते, ओला बघते, वाळल्यावर बघते. रंगारी लोक रंगाच्या एका थराला ‘हात’ म्हणतात, पहिला हात, दुसरा हात. शेवटचा हात कुणी मारलाय हे मी भिंतीकडे बघून सांगते. भाच्याला मी हे सगळं शिकवलं, आणि त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला येत नाही.

तर आधी माझ्या खोलीतला आरसा गेला. कपाटाच्या दारावरचा, मोठा. त्या जागी सुनेनं जाड विणीचं मातकट कापड ताणून बसवलं. दिसायला छान होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पण बाईच्या खोलीतला आरसा काढून नेतात, म्हणजे तिनं स्वतःला बघू नये असं कुणाला तरी वाटत असतं.

“आरसा का काढलास गं?”

“तुम्हाला त्रास व्हायचा ना, आई.”

“आरशाचा? इतकी वाईट दिसते मी?”

त्यावर पुन्हा हसणं. हिच्या जिभेवर कायम साखर. माझ्याशी कडाकडा भांडणारी सून मला चालली असती, निदान समोरून वार झाला असता.

मग संडासाचं दार. चांगलं पांढरंशुभ्र दार होतं, त्याला भडक केशरी रंग. पाहुण्याला घरात शिरल्या शिरल्या सगळ्यात आधी संडास दिसावा, ही कुठली सजावट म्हणायची? आणि माझ्या पलंगापासून त्या दारापर्यंत भिंतीवर, बरोबर हाताच्या उंचीला, वाळू मिसळलेल्या रंगाचा एक खरखरीत पट्टा. चालताना बोटं आपोआप त्याच्यावर जातात. दावं धरून गुराला न्यावं तशी ती भिंत मला नेते आणि परत आणून सोडते. मी मुद्दाम पट्टा सोडून पॅसेजच्या मधून चालायला लागले, तर सून दुरून बघत उभी. नुसती बघत राहिली.

शेगडीची बटणं नाहीशी झाली. “दुरुस्तीला दिलीत,” मुलगा म्हणाला. बटणं कुणी दुरुस्तीला देतं का? मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. त्यानं बूट घालायला घेतले.

मला घाबरायला होत नाही सहसा. दुकानात मी दांडगट माणसांना बाहेर काढलंय. पण आपल्याच घरात सकाळी उठावं आणि काल होतं ते आज नसावं, याची भीती वेगळी असते. ती पोटात बसते आणि जेवताना कळते. मी दुकानात जाऊन भाच्याला सगळं सांगायचं ठरवलं. दर वेळी काहीतरी आडवं यायचं. “आई, आज नको, ऊन आहे.” “आई, जेवून जा.” जेवून झालं की डोळा लागायचा, आणि उठून बघते तर दिवस गेलेला.

अशीच एका दुपारी पडले होते. स्वयंपाकघरात दोघं बोलत होती, हळू आवाजात, म्हणून तर मला ऐकू आलं.

“दार दिसताच कामा नये,” सून म्हणाली. “चौकटीसकट.”

“आणि आईला कळलं तर?”

“त्यांच्यासाठीच तर चाललंय सगळं.”

त्यानंतर मुलगा काहीतरी पुटपुटला आणि नळ सोडल्याचा आवाज आला. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. पोटचा मुलगा. त्याला दुखलंखुपलं तर मी दुकान बंद ठेवलेलं आहे.

पुढचं नीट आठवत नाही. मधे ताज्या रंगाचा वास यायचा, तेवढं आठवतं. मला तो वास आवडतो, एरवी.

आज सकाळी मात्र मी ठरवून उठले. केस विंचरले, चपला शोधल्या, पिशवी घेतली. सून तिच्या खोलीत फोनवर कुणाला तरी सोफ्याच्या कापडाबद्दल सांगत होती. मुलगा कामावर. मी पट्ट्याला हात न लावता पॅसेजमधून बाहेरच्या खोलीत आले, आणि दाराकडे वळले.

दार नव्हतं.

खिडकी होती, तिच्याजवळ पुस्तकांचं कपाट होतं, कपाटानंतर भिंत होती. मातीच्या रंगाची, थोडी खडबडीत, कोपऱ्यापर्यंत सलग. मी या घरात नवी नवरी म्हणून आले ती कुठून आले? नवऱ्याला नेलं ते कुठून नेलं? मी मागे फिरून पुन्हा खिडकीपासून सुरुवात केली. खिडकी, कपाट, भिंत.

आणि भिंतीपुढे जमिनीत मोठा काळा खड्डा.

खड्डा कसा असेल, मी स्वतःला म्हटलं, वरच्या मजल्यावर राहतो आपण. गालिचा असणार. हिला काळा गालिचा टाकायची हौस. तरीही पाय उचलेना. डोळे म्हणत होते, विहीर आहे, आणि जन्मभर मी डोळ्यांचंच ऐकत आले. शेवटी गुडघ्यांवर बसले, हात पुढे केला, आणि बोटांना लोकर लागली. दाट, मऊ लोकर. डोळे मिटून, गुडघ्यांवर रांगत मी तो ओलांडला. या वयात, स्वतःच्या घरात, रांगत! संतापानं माझं डोकं फुटायची वेळ आली होती.

भिंतीवर तळवे फिरवायला लागले. वाळू, वाळू, वाळू. मग नखाला एक फट लागली. सरळ उभी, केसाएवढी. फटीच्या अलीकडे भिंत, पलीकडे दार. मूठ नाही, कडी नाही, जवळ आकडे दाबून उघडायच्या कुलपाची पट्टी, तीही त्याच रंगात बुडवलेली. मी नाक लावून बघितलं. ज्यांनी रंगात काम केलं नाही त्यांना हे समजायचं नाही. भिंतीचा चुना आणि दाराचं लाकूड एकच रंग वेगवेगळा पितात. एका डब्यातला रंग दोन्हीवर मारला तर दोन रंग दिसतात. इथे कुणीतरी दोघांसाठी दोन वेगळे रंग करून ते एक दिसायला लावले होते. खिडकीतल्या उजेडातही एक. मी दिवा लावून बघितलं, तरीही एक. हे यंत्राचं काम नाही. रंगाऱ्याच्या बापाचं नाही.

“आई!”

सून मागे उभी होती. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

“भाच्याला फितवलंस तू,” मी म्हटलं. “माझ्या हाताखाली शिकलेला पोरगा, त्याला माझ्यावर घातलंस. मला कोंडायला! माझ्या घरात! दार उघड. मला दुकान उघडायचंय.”

ती गालिच्यावर बसली, अगदी खड्ड्याच्या मधोमध, आणि बुडाली नाही. आज तिच्या चेहऱ्यावर ते हसू नव्हतं. पहिल्यांदाच मला ती दमलेली दिसली, डोळ्यांखाली काळं आलेलं.

“दुकान नाहीये, आई. तुम्हीच विकलंत. तिथे आता चष्मे मिळतात. भाऊजी परदेशात आहेत, त्यांनी दाराला हात लावलेला नाही.”

“खोटं बोलतेस.”

“तुम्ही दुकान उघडायला निघालात. रोज निघायचात. त्या दिवशी सिग्नलला गाड्यांच्या मधे बसून किल्ली शोधत होतात. एका स्कूटरवाल्यानं तुम्हाला चुकवलं आणि तो पडला. त्याचा पाय गेला, आई. गुडघ्यापासून.”

“माझ्यामुळे?”

मला स्कूटर आठवली नाही. काहीच आठवलं नाही. किल्ली तेवढी आठवली, पितळी, बोटात धरल्यावर गार लागणारी.

“तुम्ही जेवण सोडलंत तेव्हा,” ती म्हणाली. “मग एके दिवशी डोकं एकदम स्वच्छ होतं, आणि आम्हाला समोर बसवून म्हणालात, मला दार दिसलं की मी जाणार. दार दिसूच देऊ नका. नुसतं कुलूप लावलं तर मी ठोकत बसेन, शेजारीपाजारी जमतील. रंगानं लपवा.”

“असं मी म्हणाले?”

“आरसाही तुम्हीच काढायला लावलात, त्यातली बाई तुम्हाला घाबरवायची. हा काळा गालिचा तुम्हाला खड्डा वाटतो, म्हणून दारापुढे टाकलाय. संडासाचा केशरी तुम्ही निवडलात. मला तो अजून आवडत नाही.” एवढ्यातही तिला हे सांगावंसं वाटलं, आणि मला ती एकदम खरी वाटली. “रंगाऱ्यानं दार भिंतीसारखं केलं, पण तुम्हाला ते रोज सापडायचं. लांबूनच म्हणायचात, ही काय चौकट. मग म्हणालात, माझ्या डोळ्याला शेंडी लावायची तर रंग मलाच जुळवायला पाहिजे. खिडकीशी बसून जुळवलात. ह्यांनी डबा धरला होता. रडत होते, तर ओरडलात त्यांच्यावर, रंगात पाणी पडेल म्हणून.”

“आणि हात कुणी मारला?”

“पहिले दोन रंगाऱ्यानं. शेवटचा तुम्ही.”

मी वळले. खाली, चौकटीच्या कोपऱ्यात, जिथे ब्रश उचलावाच लागतो तिथे नाक नेलं. बाकीचे सगळे तिथे ब्रश खाली ओढतात आणि एक ओघळ सोडतात. मी वरच्या बाजूला मनगट वळवून सोडते, लग्नाआधीपासून. वाळूच्या आत, बारीक, वर वळलेल्या रेघा होत्या. नातवाची ओळख पटावी तशी पटली. काम चोख होतं. देवाशपथ, माझ्या उभ्या आयुष्यात इतकं चोख काम मी केलं नव्हतं, आणि त्या एका क्षणी मला त्याचा अभिमानही वाटला.

मग मी तिच्या शेजारी लोकरीवर बसले. तिनं माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. आम्ही भिंतीकडे बघत होतो. दार तिथेच होतं, मला ठाऊक होतं तिथेच आहे, आणि तरी मला ते दिसत नव्हतं.

“हे माझ्या लक्षात राहणार नाही,” मी म्हटलं. “हो ना?”

“नाही राहणार.”

उद्या मी पुन्हा पिशवी घेऊन येणार. पुन्हा रांगणार. आणि पुन्हा हिनं मला त्या माणसाच्या पायाबद्दल सांगायचं, आणि मी ते पहिल्यांदा ऐकायचं. मी तिचं मनगट घट्ट धरलं.

“ऐक. उद्या मी विचारलं तर सांगू नकोस. मी म्हणेन तू मला कोंडलंस, म्हणू दे. शिव्या देईन, दे म्हणावं. खुशाल तुझा राग करू दे मला. पण हे सांगू नकोस. कबूल?”

तिनं दुसऱ्या हातानं माझे केस कानामागे सारले.

“हेसुद्धा तुम्ही दर वेळी सांगता, आई,” ती म्हणाली. “मी कबूलही करते. पण तुम्ही माझ्याकडे त्या नजरेनं बघता ना, तेव्हा माझ्याच्यानं गप्प राहवत नाही.”