देवाखालचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे आणि मित्रांनो, सध्या माझ्या डोक्यावर देव बसला आहे. तुम्हाला हसू येईल. मला येत नाही.

माझा जन्म इतवारीच्या बाजारातला. खापरखेड्याच्या वसाहतीतल्या मुलींच्या गाईड पथकाच्या बाई, शोभाताई, मला विकत घेऊन रानात आल्या. सागाच्या झाडांतून शेतांकडे जाणाऱ्या पायवाटेवर, एका मोहाच्या झाडाखाली त्यांनी मला पुरलं आणि खुणेसाठी वर दगड रचले. मुलींनी खुणा ओळखत मला शोधायचं, माझ्यातली एक वस्तू घ्यायची, आपली एक लाडकी वस्तू ठेवायची आणि दगड पुन्हा रचून जायचं. मी सापडलो की काय गलका करायच्या! मी अगदी फुगून जायचो.

सुमतीने आपला रुमाल ठेवला. तिच्या आईने त्यावर लाल दोऱ्याने तिचं नाव भरलं होतं. "पुढच्या खेपेस मीच परत नेईन," असं ती मला बजावून गेली.

पुढे शोभाताईंची बदली झाली आणि खेळ बंद पडला. त्यातच शेतावर जाताना गावातल्या रंभाबाईला ते रचलेले दगड दिसले. रानात असे दगड कोण रचणार? देवच असणार, असं समजून तिने शेंदूर लावला, नवस बोलली आणि तिला मुलगा झाला. मग काय, सगळं गाव लोटलं. नारळाचं पाणी, तेल, सगळं झिरपून माझ्यावर. माझं झाकण गंजलं.

एके दिवशी सुमती आली. तिने दगडाला हात घातला, तोच रंभाबाई लेकराला कडेवर घेऊन धावली.

"हात नोको लावू वं! देव हाय तो."

"काकू, माही माय गेली. तिच्या हातचा रुमाल हाय खाली. मले तेवढाच काढू द्या."

"नवसाचं लेकरू हाय माह्यं. दगड हलले अन् याले काही झालं तं?"

सुमतीने त्या लेकराकडे पाहिलं. मी आतून जीव तोडून ओरडत होतो, उचल गं, उचल! तिने हात मागे घेतला. रडत रडत देवाच्या पाया पडली आणि गेली.

मित्रांनो, माझा तळ आता सडला आहे. रुमालाला ओल लागली आहे, पण लाल अक्षरं अजून वाचता येतात. कुणीतरी रंभाबाईची समजूत घाला हो. देवाला खुशाल नमस्कार करा, पण त्याच्याखाली कुणाचं काय दबलं आहे तेही पाहा. आणि लवकर या. पुढच्या पावसाळ्यानंतर सुमतीला द्यायला माझ्याजवळ नुसती माती असेल.