ताईंना विचारायचं नाही

आमच्या पाणीपुरवठा ऑफिसात एकच पद्धत. काही अडलं की ताईंना हाक मारायची. प्रश्न अर्धा तोंडात असतानाच ताई उठणार, फाईल काढून हातात देणार. म्हणून कुणी काही शिकलंच नाही. मी पण नाही.

आणि म्हणूनच ताईंची बदली अडकली. त्यांची लेक दुसऱ्या गावात, आजीकडे वाढतेय. साहेब म्हणायचे, "तुम्हाला सोडून ऑफिसला टाळं लावू का?"

शेवटी ताई हट्टाला पेटल्या. साहेब म्हणाले, "उद्या सुट्टी घ्या. दिवसभर तुम्हाला काही न विचारता काउंटर चाललं, तर बदलीच्या अर्जावर सही करतो."

जाताना ताई मला म्हणाल्या, "तुझ्यावर आहे बाबा सगळं."

"मग लागली तुमची वाट."

"गप बस."

दुपारपर्यंत निभावलं. मग एक आजोबा आले. नळाचं कनेक्शन अजून वडिलांच्या नावावर, ते बदलायचं होतं. कॉम्प्युटरात काहीच सापडेना. साहेब दारात उभे. तेवढ्यात माझा मोबाईल थरथरला. ताईच.

खरं सांगतो, बोट बटणावर गेलं होतं.

"घ्या की फोन," आजोबा म्हणाले, "मला घाई नाही."

"मला आहे," म्हणालो आणि फोन खणात टाकला.

मग आठवलं. असं जुनं काम आलं की ताई आधी समोरच्याशी गप्पा मारत बसतात. मला वाटायचं, टाइमपास. पण रस्त्यांची नावं बदललीत, आणि जुन्या फायली अजून जुन्याच खुणांवर लावलेल्या.

"आजोबा, तुमच्या घरासमोर आधी काय होतं हो?"

"लाकडाची वखार. मालक एक नंबरचा खडूस."

मागच्या एका कपाटावर पुसट अक्षरात 'वखार' लिहिलंय. मी रोज त्यावर डबा ठेवतो. फाईल त्यातच होती.

संध्याकाळी साहेबांनी ताईंच्या अर्जावर सही केली, औषध प्यायल्यासारखं तोंड करून.

मी लगेच ताईंना फोन लावला.

"उचलला का नाहीस रे? जीव टांगणीला लागला होता माझा. अडलं होतं ना?"

"अडलं होतं. वखारीची फाईल."

"अगंबाई. ती खालच्या कप्प्यात मागे सरकते, आधी डावीकडची दोन..."

"ताई," मी म्हणालो, "बॅग भरा."