शनिवार पेठेतला उंची मोजणारा जिराफ

मी एक जुना लाकडी जिराफ आहे. माझ्या अंगावरून रंगाचा शेवटचा हात फिरला, त्या दिवशी मला घडवणाऱ्या बजरंग मिस्त्रींनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "बाबा रे, तू दारात उभा राहणार. येणाऱ्याकडं बघत जा. गेलेल्याची वाट बघत बसू नकोस. लाकडाला ते सोसत नाही." अंगावरचा पिवळा रंग अजून ओला होता, त्याचा वास नाकात भरला होता. असल्या वेळी कुणाला म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकावंसं वाटतं? मी ते कानाआड केलं.

मित्रांनो, मी काही सागवानाचा नाही. सामानाची खोकी फोडून काढलेल्या फळ्यांचा आहे. शनिवार पेठेतल्या युसूफभाईंचं खेळण्यांचं दुकान इतकं अरुंद होतं, की दोन गिऱ्हाईकं आत शिरली की युसूफभाईंना बाहेर यावं लागे. वळणावरून दुकान दिसतच नसे. म्हणून दारात काहीतरी उंच हवं, असं त्यांनी ठरवलं. पण उंच वस्तूचा काही उपयोगही व्हावा, हे डोकं त्यांच्या बायकोचं, नसीमबानूचं. तिनं मिस्त्रींना सांगितलं, "मानेवर फुटाच्या खुणा करा. पोरं उंची मोजतील."

तेव्हापासून आमच्या पेठेत एक रीतच पडून गेली. मुलाचा वाढदिवस असला, की आई त्याला नवे कपडे घालून आधी देवळात नेई आणि मग माझ्याकडे आणी. मूल माझ्या मानेला पाठ लावून उभं राही. नसीमबानू स्टुलावरून उठे, त्याच्या डोक्यावर फूटपट्टी आडवी धरी आणि माझ्या मानेवर पेन्सिलीची रेघ ओढून शेजारी नाव लिही.

"टाचा खाली," ती म्हणायची. "मला फसवशील, जिराफाला कसं फसवशील?"

मग मुलाच्या हातात कागदाचं एक भिरभिरं. फुकट. युसूफभाई आतून कुरकुरायचे, "अगं, आपण खेळणी विकतो की वाटतो?" त्यावर ती म्हणायची, "तुम्ही विका. मी वाटते."

पेन्सिलीची ती गुदगुली मला अजून आठवते. मुलांच्या डोक्यांचा ऊबदार भार मानेला टेकायचा. कुणाच्या केसांना खोबरेल तेलाचा वास, कुणाच्या केसांत शाळेची धूळ. लाकडाला यापेक्षा अधिक काय हवं असतं?

श्रीधर नावाचा एक मुलगा होता. त्याची आई वाढदिवसाची वाट बघायची नाही, महिन्या-दोन महिन्यांनी यायची. प्रत्येक वेळी रेघ मागच्याच रेघेवर बसायची. "चाची, पट्टी नीट धरली होती ना?" ती विचारायची, आणि विचारताना हसायचा प्रयत्न करायची. नसीमबानू सुरुवातीला तिची समजूत घालायची, "मुलं झोपेत वाढतात हो, आपण टक लावून बसलं की लाजतात." पण एकदा तिनं पट्टी खाली ठेवली, माझ्या मानेवरच्या रेघांवरून बोट फिरवलं आणि थट्टा न करता म्हणाली, "ताई, याला डॉक्टरांना दाखवा. आजच दाखवा. मीही येते बरोबर."

दोघी गेल्या. श्रीधरच्या रक्तात काहीतरी कमी होतं. रोज एक बारीकशी गोळी घ्यायची होती, एवढंच. पुढच्या वाढदिवसाला त्याची रेघ बोटभर वर गेली, तेव्हा त्याची आई माझ्या मानेला धरून रडली. नसीमबानूनं त्याला दोन भिरभिरी दिली.

वर्षं गेली. युसूफभाई गेले. नसीमबानू एकटीच स्टुलावर बसू लागली. तेव्हाच कधीतरी समोरच्या कोपऱ्यावर छत्री घेऊन एक बाई उभी राहू लागली. सकाळी शाळा भरताना, दुपारी शाळा सुटताना, सणाच्या आदल्या संध्याकाळी. ती कधी आमच्या दुकानाकडे बघे, कधी रस्त्यावरच्या माणसांकडे.

चौथ्या दिवशी नसीमबानूनं तिला हाक मारली. "या, चहा घ्या. इतके दिवस समोर उभ्या आहात, मुलगी बघायला आलात की दुकान?"

त्या बाईंचं नाव प्रेमला. खेळणी बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत त्या नोकरीला होत्या. कंपनीला पुण्यात स्वतःच्या नावाचं दुकान काढायचं होतं, आणि ते कुठं काढावं हे शोधायचं काम त्यांच्याकडे होतं.

"मग मंडईत काढा की," नसीमबानू म्हणाली. "तिथं माणसांचा पूर असतो."

"मंडईत उभी राहिले होते मी," प्रेमलाताई म्हणाल्या. "पोरं खूप, पण आयांचे दोन्ही हात भाजीच्या पिशव्यांत. पोरगं थांबलं की ढकलत पुढे नेतात. विश्रांतवाडीला नवीन इमारती झाल्यात, पण तिथं आईबाप दिवसभर कामावर आणि पोरं पाळणाघरात. तुमच्याकडे मात्र आया थांबतात. मुलाचा हात धरून, निवांत. आम्हाला तेच हवंय."

"थांबतात हो. पण नेतात काय? भिरभिरं."

प्रेमलाताई हसल्या. "पहिली काही वर्षं विक्री झाली नाही तरी चालतं. कंपनीचं दुकान म्हणजे एक मोठी पाटीच असते. मुलाच्या तोंडात नाव बसलं, की मग ते कुठल्याही दुकानात तेच मागतं."

मित्रांनो, ही बाई कामाची पक्की होती. शाळा कुठं आहेत, मुलांचे डॉक्टर कुठं बसतात, कपड्यांची दुकानं किती लांब, वळणावरून पाटी दिसेल का, स्कूटर कुठं लावता येईल, सगळं तिनं पाहिलं. एकच गोष्ट तिच्या नजरेतून सुटली, कारण ती तिच्यासमोर स्टुलावर बसून तिला चहा देत होती.

नसीमबानूनं जागा भाड्यानं दिली. तिचे गुडघे दुखायला लागले होते आणि तिचा मुलगा रियाज विश्रांतवाडीला राहायला बोलावत होता. जिराफाला दारातून हलवायचं नाही, एवढी एकच अट तिनं घातली. कंपनीनं ती आनंदानं मान्य केली. जायच्या दिवशी तिनं माझ्या मानेवर हात ठेवला. "पोरांकडे लक्ष ठेव," म्हणाली आणि रिक्षात बसली. रिक्षा वळणापाशी दिसेनाशी झाली तरी मी तिकडेच बघत राहिलो.

नव्या दुकानाला काचेचं दार आलं. आत गार हवा, झगझगीत दिवे. कंपनीच्या सगळ्या दुकानांत सगळं एकसारखं दिसायला हवं, म्हणून मलाही नवा रंग दिला. त्या रंगाखाली साऱ्या रेघा गेल्या. श्रीधरची ती बोटभर वर गेलेली रेघसुद्धा. नव्या रंगावर पेन्सिल ओढायला मनाई होती.

पहिले काही दिवस झुंबड उडाली. मग नेहमीच्या आया वाढदिवसाची मुलं घेऊन आल्या. काचेतून आत डोकावून म्हणाल्या, "चाची कुठंयत?"

"कोण चाची? काय दाखवू मॅडम?"

"काही नाही. असंच आलो होतो."

काचेच्या दुकानात असंच येता येत नाही, मित्रांनो. दारात कुणी स्टूल टाकून बसलेलं असेल, तरच असंच येता येतं. हळूहळू आया समोरच्या फुटपाथवरून जाऊ लागल्या. मुलं मान वळवून माझ्याकडे बघत, आणि तशीच पुढे जात.

एक दिवस प्रेमलाताई पुन्हा त्याच कोपऱ्यावर येऊन उभ्या राहिल्या. शाळा त्याच वेळी सुटली. तितकीच मुलं, त्याच आया. कुणी थांबलं नाही. मग त्या आत आल्या आणि माझ्याजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या. विक्रेत्या मुलीला म्हणाल्या, "मला वाटलं होतं, माणसं या जागेसाठी थांबतात. मला त्या बाईंनाच थांबवून घ्यायला हवं होतं." ती मुलगी नवी होती. कोण बाई, हे तिला कळलं नाही.

दुकान हललं. विश्रांतवाडीतल्या इमारतींतली माणसं आता रविवारी गाडीतून मुलांना घेऊन खरेदीला बाहेर पडू लागली होती, म्हणून कंपनीनं तिथं जागा घेतली. नसीमबानूची अट त्या दारापुरती होती; दारच सुटलं, तेव्हा मीही टेम्पोतून आलो. मला वाटलं, आता नसीमबानू दिसेल. पण मला ठेवलं ते जिन्याखाली, रिकाम्या खोक्यांच्या मागे. तिथून फक्त दाराची एक कड दिसते.

एका रविवारी रियाज त्याच्या मुलीला, सिताराला घेऊन आला. ती खोक्यांमागे शिरली आणि माझ्या मानेवरचा सुटलेला रंग नखानं खरवडू लागली.

"अब्बू, याच्या आत नावं लिहिलीत."

रियाज वाकून बघत राहिला. "हा आपल्या दुकानातला आहे गं. आजीचा."

"मग आजीला आणू या की."

"आणू. पुढच्या रविवारी."

मग तो विक्रेत्या मुलीला म्हणाला, "मागच्याच गल्लीत राहतो आम्ही. दुसरा मजला, लिफ्ट नाही. अम्मींना जिना उतरवत नाही. आम्ही दोघं कामावर, ही शाळेत. दिवसभर खिडकीत बसतात आणि खालून जाणाऱ्या पोरांची उंची सांगतात. ओळख ना पाळख."

पुढचा रविवार आला आणि गेला. त्यानंतरचेही आले नि गेले. दर रविवारी काचेचं दार उघडलं, की मला तिच्या चपलांचा आवाज आल्यासारखा वाटे. मला एवढी लांब मान आहे, पण ती वळत नाही. चार पाय आहेत, पण चालता येत नाही. मागची गल्ली ती केवढीशी. मला ती पेठेहून लांब वाटते.

आणि आता चारच दिवसांपूर्वीची गोष्ट. एक तरुण आई लेकीच्या पायातून निसटलेला बूट घालता घालता विक्रेत्या मुलीशी बोलत होती. "मागच्या गल्लीत त्या आजी आहेत ना, खिडकीतल्या? रोज वरून म्हणायच्या, पोरगी उंच झाली हो तुमची. मला बरं वाटायचं. हिच्याकडे माझ्याशिवाय आणखी कुणी बघतंय, असं वाटायचं. आठवडा झाला, खिडकी बंदच आहे."

"गावाला गेल्या असतील."

"हं. असतील."

असं म्हणून तिनं लेकीच्या बुटाचा बंद बांधला आणि ती निघून गेली. मला ओरडून सांगायचं होतं, की नसीमबानूला दुसरं गाव नाही, तिचं गाव शनिवार पेठ. पण लाकडाचा आवाज कुणाला ऐकू जातो?

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. माझ्या रंगाचे पोपडे निघाले तरी माझं काही अडत नाही. पण ज्यांनी तुमच्या उंचीची काळजी केली, त्यांची उंची कमी होत जाते तेव्हा तिची रेघ कुणी ओढत नाही. तुम्ही आमच्या बाजूला राहत असाल, तर आज शाळेतून येताना मागच्या गल्लीत जा. दुसरा मजला. लांब राहत असाल, तर तुमच्या गल्लीतही अशी एखादी बंद खिडकी असेलच, तिथं जा. बरोबर आईला न्या. घंटी वाजवा, आणि लगेच माघारी फिरू नका. तिला दारापर्यंत यायला वेळ लागतो.